पोलादी पेटीला तोंड बसवताना

तेलशुद्धीकरण कारखान्यात कच्चे तेल भट्टीत तापवून त्यातले घटक वेगळे केले जातात, आणि वेगळा झालेला प्रत्येक घटक साठवणीच्या टाकीत जाण्यापूर्वी पुन्हा थंड करावा लागतो. ही उष्णता बाहेर काढून टाकण्यासाठी मुख्यतः पाणी किंवा हवा असे दोन मार्ग असतात. पाणी उष्णता भराभर शोषते. परंतु ते आणावे लागते, शुद्ध करावे लागते, थंड करून पुन्हा फिरवावे लागते आणि त्याचा काही भाग वाफ होऊन कायमचा हातचा जातो. हवा जागेवरच मिळते आणि खर्च येतो तो पंख्यांच्या विजेचा. म्हणून पाण्याची टंचाई असते किंवा पदार्थ बराच गरम असतो, तिथे थंड करण्याचा पहिला टप्पा हवेवर सोपवला जातो. मुंबईत माहुल येथे १९५४ आणि १९५५ साली सुरू झालेल्या तेलशुद्धीकरण कारखान्यांसारख्या ठिकाणी पाइपांच्या उंच मांडणीवर मोठाल्या पंख्यांच्या रांगा असतात, त्या याच कामासाठी. या यंत्रणेला शास्त्रीय भाषेत वायुशीतित उष्णता-विनिमयक म्हणतात. कारखान्यातली माणसे तिला ‘फिन-फॅन कूलर’ किंवा नुसते ‘एअर कूलर’ म्हणतात.

या कूलरची रचना वरवर साधी असते. साधारण २५ मिलिमीटर बाह्य व्यासाच्या शेकडो नळ्या आडव्या, एकावर एक थरांत मांडलेल्या असतात आणि प्रत्येक नळीवर अॅल्युमिनियमच्या पातळ चकत्या किंवा गुंडाळलेली पट्टी, म्हणजे ‘फिन’, बसवलेली असते, जेणेकरून हवेला स्पर्श करणारे क्षेत्रफळ कित्येक पटींनी वाढते. पंखा नळ्यांच्या खाली असेल तर तो हवा वर ढकलतो, आणि वर असेल तर हवा ओढून घेतो. गरम पदार्थ नळ्यांच्या आतून वाहतो. परंतु एकाच मोठ्या पाइपातून आलेला पदार्थ शेकडो नळ्यांत वाटायचा आणि पलीकडे पुन्हा गोळा करायचा, तर नळ्यांच्या दोन्ही टोकांना एकेक पेटी हवी. या पेटीला हेडर म्हणतात, आणि बाहेरचा पाइप ज्या आखूड, फ्लँजच्या तोंडाने या पेटीला जोडला जातो, त्या तोंडाला नोझल म्हणतात. हे नोझल पेटीला नेमके कसे जोडावे, हा प्रश्न नकाशावर चार रेषांचा दिसतो. परंतु कूलरचे आयुष्य, त्याची तपासणी आणि त्याच्याजवळ काम करणाऱ्यांची सुरक्षितता यांचा बराच भाग त्या चार रेषांवर ठरतो.

चौकोनी पेटीची अडचण

दाब सहन करण्यासाठी गोल नळकांडे हा अतिशय काटकसरीचा आकार आहे, कारण आतला दाब त्याच्या भिंतीला सगळीकडून सारखा ताणतो आणि भिंत वाकत नाही. असे असूनही बहुतेक एअर कूलरचा हेडर चौकोनी असतो. नळ्यांच्या ओळी भिंतीत काटकोनात शिरायला हव्यात, त्या आत फुगवून घट्ट बसवायला हव्यात आणि पुढे त्यांची सफाईही करता यायला हवी. त्यासाठी सपाट भिंत लागते. म्हणून जाड पोलादी प्लेटी एकमेकींना वेल्ड करून लांबट पेटी तयार केली जाते. ज्या प्लेटमध्ये नळ्या बसतात ती ट्यूब शीट, तिच्या समोरची प्लग शीट, वरची आणि खालची प्लेट, आणि दोन टोकांना बंद करणाऱ्या एंड प्लेट, असे तिचे भाग असतात.

सपाट भिंतीला दाबाखाली फुगण्याची ओढ असते, आणि हे वाकणे रोखण्यासाठी ती जाड करावी लागते. यातले बळ किती मोठे असते याचा अंदाज एका साध्या हिशोबाने येतो. आतून २०० मिलिमीटर रुंद आणि अडीच मीटर लांब अशा वरच्या प्लेटचे क्षेत्रफळ अर्धा चौरस मीटर होते. आतला दाब २० बार असेल तर त्या एका प्लेटला वर ढकलणारे बळ सुमारे शंभर टन वजनाइतके होते. अमेरिकेतील यांत्रिक अभियंत्यांची संस्था, म्हणजे एएसएमई, हिच्या दाबपात्रांच्या संहितेत वर्तुळाकार नसलेल्या पात्रांसाठी स्वतंत्र परिशिष्ट आहे, तेरावे, आणि चौकोनी हेडरच्या जाडीचे गणित त्यानुसार केले जाते. कूलरच्या एकंदर रचनेसाठी अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटचे एपीआय ६६१ हे मानक जगभर वापरले जाते आणि भारतातील खरेदीच्या कागदपत्रांतही त्याचाच दाखला असतो.

हेडरचे मुख्य प्रकार तीन आहेत. प्लग हेडरमध्ये प्रत्येक नळीसमोर प्लग शीटला आटे पाडलेले एक भोक असते आणि त्यात बूच बसवलेले असते. बूच काढले की तेवढ्या एका नळीपर्यंत हत्यार पोहोचते. कव्हर-प्लेट हेडरमध्ये समोरची पूर्ण प्लेट बोल्ट सोडवून काढता येते. बॉनेट हेडरमध्ये पेटीचाच पुढचा भाग टोपीसारखा निघतो, पण नोझल त्याच भागावर असल्यामुळे आधी पाइप सोडवावा लागतो. दाब जास्त असेल तर मोठ्या गास्केटवर विसंबणारे शेवटचे दोन प्रकार मागे पडतात. एपीआय ६६१ नुसार सुमारे ३० बार किंवा त्याहून अधिक दाबाच्या कामाला प्लग हेडरच वापरावा लागतो. हा भेद नोझलच्या दृष्टीने निर्णायक ठरतो, कारण कव्हर-प्लेट हेडर आतून पाहता येतो, तर प्लग हेडर एकदा बंद झाला की त्याच्या आत जाण्याची वाट म्हणजे बोटभर रुंदीची भोके आणि नोझलचे तोंड, एवढीच उरते.

भोक पाडले की काय जाते

नोझल बसवायचे म्हणजे दाब सहन करणाऱ्या प्लेटला भोक पाडायचे, आणि भोकाबरोबर तिच्या ताकदीचा काही भाग कापून टाकायचा. संहितेचा मूळ विचार असा की जेवढे धातूचे क्षेत्र काढले, तेवढे भोकाच्या आसपास परत द्यावे. ते नोझलच्या जास्त जाड भिंतीतून, प्लेटच्या गरजेपेक्षा जास्त असलेल्या जाडीतून, वेल्डमधून किंवा वेगळ्या पॅडमधून देता येते. गोल पात्राच्या भिंतीत हा हिशोब पूर्ण क्षेत्राचा असतो, तर सपाट प्लेटमधल्या लहान भोकासाठी निम्मे क्षेत्र परत दिले तरी चालते, कारण वाकणाऱ्या प्लेटमध्ये ताण मुख्यतः वरच्या आणि खालच्या पृष्ठभागांकडे एकवटलेला असतो आणि मध्यभागीच्या धातूवर भार थोडा असतो. परंतु भोक प्लेटच्या आखूड बाजूच्या निम्म्याहून मोठे झाले की हा सोपा नियम उपयोगी पडत नाही आणि अधिक तपशीलवार विश्लेषण करावे लागते. हेडरची वरची प्लेट अरुंद असल्यामुळे तिथे अशी वेळ सहज येते.

नोझलच्या आकारांवरही मानकाचे निर्बंध आहेत. ३२, ६५, ९० आणि १२५ मिलिमीटर नाममात्र व्यासाची, तसेच २० मिलिमीटरपेक्षा लहान जोडणी वापरू नये, असे एपीआय ६६१ सांगते, कारण या मापांचे पाइप, झडपा आणि फ्लँजेस बाजारात सहज मिळत नाहीत. आणि सुमारे दीड इंच किंवा त्याहून मोठी जोडणी फ्लँजचीच असावी, आट्यांची नसावी. पेटीत अडकलेली हवा बाहेर पडावी आणि बंद करताना पदार्थ पूर्ण निथळावा, म्हणून सर्वांत उंच ठिकाणी व्हेंट आणि सर्वांत खाली ड्रेन लागतो. नोझलची नळी पेटीच्या आत थोडीही पुढे आलेली असेल, तर खालच्या नोझलच्या कडेभोवती गाळ आणि पाणी साचते आणि वरच्या नोझलभोवती वायू अडकतो. म्हणून नोझलचे आतले टोक प्लेटच्या पृष्ठभागाशी सपाट ठेवले जाते आणि त्याची धारदार कडा घासून गोलसर केली जाते.

वर ठेवायचे की आत घालायचे

नोझल जोडण्याच्या दोन मूळ पद्धती आहेत. पहिलीत प्लेटला नोझलच्या आतल्या व्यासाएवढे भोक पाडून नोझलची नळी प्लेटच्या वर टेकवली जाते, नळीच्या टोकाला उतार, म्हणजे बेव्हल, दिलेला असतो आणि त्या उतारात वेल्ड भरले जाते. हिला फॅब्रिकेशन शॉपमध्ये, म्हणजे अशा पेट्या बनवणाऱ्या कारखान्यात, ‘सेट-ऑन’ म्हणतात. दुसरीत प्लेटला नळीच्या बाहेरच्या व्यासापेक्षा किंचित मोठे भोक पाडून नळी प्लेटच्या जाडीत उतरवली जाते आणि बेव्हल प्लेटच्या भोकाला दिला जातो, ही ‘सेट-इन’. दोन्ही पद्धतींत वेल्ड जाडीच्या आरपार जाईल अशी काळजी घेतली जाते, म्हणजे तळाशी न वितळलेली फट उरत नाही. संहितेच्या यूडब्ल्यू-१६ या कलमात अशा जोडांच्या मान्य रचना आकृत्यांसह दिल्या आहेत.

दोन्हींतला फरक एका उदाहरणात स्पष्ट दिसतो. वरची प्लेट ४० मिलिमीटर जाड आहे आणि तिच्यावर १५० मिलिमीटर नाममात्र व्यासाचे, सुमारे ११ मिलिमीटर भिंतीचे नोझल बसवायचे आहे, असे समजावे. सेट-इन पद्धतीत ४० मिलिमीटरची पूर्ण जाडी वेल्डने भरावी लागते. नेहमीच्या उताराचा बेव्हल धरला तर सुमारे तीन किलो वेल्ड धातू त्या एका जोडात ओतला जातो. सेट-ऑन पद्धतीत फक्त ११ मिलिमीटरची भिंत भरून वर एक कोनातला वेल्ड द्यावा लागतो, आणि तेच काम अर्ध्या किलोच्या आसपास होते. प्रश्न केवळ वेल्डिंगच्या कांड्यांचा आणि वेळेचा नाही. वितळलेला धातू थंड होताना आकसतो आणि प्लेटला आपल्याकडे ओढतो, त्यामुळे जितका वेल्ड जास्त तितकी प्लेट जास्त वाकते. वाकलेल्या वरच्या प्लेटमुळे ट्यूब शीट आणि प्लग शीट एकमेकींशी समांतर राहिल्या नाहीत, तर नळीचे भोक आणि बुचाचे भोक एका रेषेत येत नाही आणि पुढे नळी फुगवणारे हत्यार सरळ जात नाही.

यावरून सेट-ऑनच सरस वाटेल, पण तिच्या वाट्याला एक वेगळी जोखीम येते. पोलादाची प्लेट लाटून तयार होते आणि लाटताना धातूतले अशुद्ध कण चपटे होऊन प्लेटच्या पृष्ठभागाला समांतर थरांत पसरतात. अशी प्लेट लांबी-रुंदीच्या दिशेने मजबूत असते, पण जाडीच्या दिशेने ओढली तर खारीच्या पदरांप्रमाणे थर सुटण्याचा धोका असतो. सेट-ऑन नोझलचा वेल्ड आकसताना आणि पुढे पाइपाचा भार येताना प्लेटला नेमका याच दिशेने ओढतो. या प्रकारच्या फाटण्याला थरफाट म्हणता येईल, आणि ती बहुधा पृष्ठभागाखाली असल्यामुळे डोळ्यांना दिसत नाही. तिच्यावर उपाय म्हणून जाडीच्या दिशेने चाचणी केलेले पोलाद मागवले जाते. युरोपीय मानकात अशा पोलादाचे झेड १५, झेड २५ आणि झेड ३५ असे दर्जे आहेत आणि हे आकडे जाडीच्या दिशेने ओढून तोडलेल्या नमुन्याचे छेदक्षेत्र निदान किती टक्क्यांनी आकसले पाहिजे ते सांगतात. शिवाय भोक पाडण्यापूर्वी त्या जागेची अल्ट्रासॉनिक तपासणी करून आत थर सुटलेले नाहीत याची खात्री केली जाते, आणि भोक कापल्यावर त्याच्या कडेला रंगद्रव लावून भेगा पाहिल्या जातात. सेट-इन जोडात वेल्ड प्लेटच्या संपूर्ण जाडीला बाजूने धरतो, त्यामुळे ही जोखीम बरीच कमी होते.

पॅड, जाड नोझल आणि मावत नसलेले तोंड

गमावलेली ताकद परत देण्यासाठी नोझलभोवती कंकणाकार प्लेट वेल्ड केली जाते. तिला रीइन्फोर्सिंग पॅड किंवा शॉपच्या बोलीत ‘आरएफ पॅड’ म्हणतात. हा उपाय स्वस्त आहे, पण पॅड आणि मूळ प्लेट यांच्यात नेहमी एक बारीक पोकळी उरते. म्हणून पॅडला एक लहान भोक ठेवले जाते: त्यातून हवा भरून आणि वेल्डवर साबणाचे पाणी लावून जोड घट्ट आहे का ते पाहता येते, वेल्डिंग आणि उष्णोपचाराच्या वेळी अडकलेल्या हवेला वाट मिळते, आणि पुढे आतला जोड गळू लागला तर त्याच भोकातून खूण दिसते. पदार्थात हायड्रोजन किंवा ओलसर हायड्रोजन सल्फाइड असेल, तर धातूतून झिरपणारा हायड्रोजन या पोकळीत साठू शकतो, आणि पॅड असल्याने खालच्या जोडाची अल्ट्रासॉनिक तपासणीही अवघड होते. अशा ठिकाणी पॅड टाळून नोझलचीच भिंत जाड घेतली जाते. घडीव पोलादाच्या एकाच तुकड्यातून फ्लँज आणि जाड नळी काढली असेल, तर फ्लँज आणि नळी यांच्यामधला एक वेल्ड वाचतो आणि ताकदही मिळते. त्याची किंमत जास्त असते आणि मागवल्यानंतर हाती येईपर्यंत बराच काळ जातो, त्यामुळे हा निर्णय लवकर घ्यावा लागतो.

नोझलचे माप हेडरच्या रुंदीत मावत नाही, ही या विषयातली नेहमीची अडचण आहे. कमी दाबाच्या वाफेला किंवा वायूला मोठा पाइप लागतो, आणि हेडरची आतली रुंदी मात्र नळ्यांच्या ओळींवरून ठरलेली असते. नोझल पेटीच्या आतल्या रुंदीपेक्षा मोठे झाले की त्याचा वेल्ड वरची प्लेट आणि ट्यूब शीट यांच्या कोपऱ्यातल्या मुख्य वेल्डवर येतो, आणि एकाच जागी दोन वेल्डची उष्णता व आकुंचन एकत्र येणे इष्ट नसते. यातून तीन वाटा निघतात. एका मोठ्या नोझलऐवजी दोन किंवा अधिक लहान नोझले देता येतात, आणि रुंद कूलरमध्ये त्यामुळे सर्व नळ्यांत प्रवाहही अधिक सारखा वाटला जातो. नळीचे खालचे टोक दाबून लंबगोल करता येते, म्हणजे ते अरुंद प्लेटमध्ये मावते आणि लांबीच्या दिशेने पसरते. पण लंबगोल भिंतीवर दाबामुळे वाकण्याचा ताण येतो आणि त्याचे गणित वेगळे करावे लागते. किंवा हेडरच त्या भागापुरता रुंद करता येतो, ज्यात पोलाद आणि वेल्डिंग दोन्ही वाढतात. अनुभवी डिझाइनर बहुधा पहिली वाट निवडतात.

प्रवाहाच्या वाटपाला रासायनिक बाजूही आहे. तेलातून गंधक आणि नायट्रोजन काढणाऱ्या हायड्रोजन प्रक्रियेनंतर येणारा पदार्थ एअर कूलरमध्ये थंड होताना त्यात अमोनियाचे क्षार तयार होतात, आणि पाण्यात विरघळलेले अमोनियम बायसल्फाइड साध्या पोलादाला वेगाने खाते. त्यामुळे अशा कूलरला येणारा पाइप एकाचे दोन, दोनाचे चार अशा पूर्ण सममित फांद्यांत विभागला जातो, म्हणजे प्रत्येक नोझलला सारखा पदार्थ आणि सारखे पाणी मिळते. एखाद्या नोझलला वेगवान प्रवाह मिळाला तर झीज तिथेच आणि त्याच्या खालच्या नळ्यांत होते, आणि मंद प्रवाह मिळाला तर क्षार साचतात.

हात पोहोचतो तोवरच

वेल्डिंगच्या दृष्टीने सर्वांत कळीचा भाग म्हणजे जोडाचे मूळ, म्हणजे वेल्डचा अगदी तळाचा थर. दोन्ही बाजूंनी हात पोहोचत असेल तर वेल्डर एका बाजूने भरतो, दुसऱ्या बाजूने तळ खरवडून स्वच्छ धातूपर्यंत जातो, रंगद्रव लावून भेग नाही याची खात्री करतो आणि मग ती बाजू भरतो. एकाच बाजूने काम करायचे असेल तर मूळ थर टंग्स्टनच्या इलेक्ट्रोडने आर्गॉन वायूच्या आवरणात, म्हणजे टिग पद्धतीने, घातला जातो आणि त्याचा आतला चेहरा कसा झाला हे पाहण्याचे साधन फार थोडे उरते.

म्हणूनच चांगल्या फॅब्रिकेशन शॉपमध्ये कामाचा क्रम काटेकोर पाळला जातो. वरची आणि खालची प्लेट टेबलावर सुटी असतानाच तिला नोझल वेल्ड केले जाते. त्या वेळी दोन्ही बाजू मोकळ्या असतात, तळ खरवडता येतो, अल्ट्रासॉनिक तपासणी नीट होते आणि प्लेट वाकली असेल तर सरळ करता येते. नोझल टॅक करतानाच, म्हणजे तात्पुरते वेल्ड करतानाच, फिटर फ्लँजची बोल्टची भोके मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना समान विभागली आहेत का, हे पाहतो, कारण एका भोकाइतके जरी नोझल फिरले तरी समोरचा पाइप त्याला जुळत नाही. त्यानंतरच त्या प्लेटींची पेटी बांधली जाते आणि एंड प्लेट शेवटी बसवली जाते. याउलट पेटी पूर्ण करून मग भोक पाडण्याचा मार्ग वेळापत्रकाच्या दृष्टीने सोपा असतो, कारण नोझलची जागा उशिरा ठरली तरी काम थांबत नाही. परंतु प्लग हेडरमध्ये त्याचा अर्थ असा की तळाचा थर आतून कोणीही पाहणार नाही. मानके आणि नकाशे दोन्ही क्रमांना परवानगी देऊ शकतात. गुणवत्तेत मात्र दोन्ही क्रम सारखे नसतात.

पेटी तयार झाली की तिचा उष्णोपचार होतो. वेल्डिंगनंतर धातूत जे ताण अडकून राहतात, ते पेटी भट्टीत ठरावीक तापमानाला तापवून, ठरावीक वेळ ठेवून आणि हळूहळू थंड करून घालवले जातात. शॉपमध्ये याला ‘स्ट्रेस रिलीव्हिंग’ म्हणतात. साध्या कार्बन पोलादासाठी हे तापमान किमान ५९५ अंश सेल्सिअस असते. एएसएमई संहितेत साध्या पोलादाला हा उपचार ठरावीक जाडीच्या पुढेच सक्तीचा आहे, पण एपीआय ६६१ नुसार साध्या आणि कमी मिश्रित क्रोमियम पोलादाच्या हेडरना तो करावा लागतो. तो नळ्या बसवण्यापूर्वी होतो, कारण ट्यूब शीटमध्ये फुगवून बसवलेल्या नळ्यांची पकड नंतरच्या तापवण्याने सैल पडते. याचाच परिणाम असा की नळ्या बसल्यावर नोझलच्या जोडात दोष सापडला, तर त्याची दुरुस्ती करून पुन्हा उष्णोपचार करणे जिकिरीचे होते.

हा उपचार का महत्त्वाचा, हे १९८४ साली अमेरिकेत इलिनॉय राज्यातील लेमाँट येथे घडलेल्या दुर्घटनेने दाखवून दिले. तिथल्या तेलशुद्धीकरण कारखान्यातला एक उंच स्तंभ, ज्यात अमाइनच्या द्रावणाने वायूतला हायड्रोजन सल्फाइड शोषून घेतला जाई, २३ जुलै रोजी फुटला, त्यातून निघालेल्या वायूला आग लागून स्फोट झाला आणि १७ जण मृत्युमुखी पडले. या स्तंभाचे एक कडे १९७४ साली जागेवरच बदलण्यात आले होते आणि त्या वेल्डचा उष्णोपचार झालेला नव्हता. वेल्डजवळचा कठीण झालेला धातू हायड्रोजनमुळे हळूहळू तडकत गेला होता. तो स्तंभ एअर कूलर नव्हता, पण पोलाद, पदार्थ आणि वेल्ड यांचे नाते तेच आहे. म्हणूनच ओलसर हायड्रोजन सल्फाइडच्या कामातील कार्बन पोलादी वेल्डची कठीणता मोजली जाते आणि ती ब्रिनेल मापाने २०० च्या वर जाऊ नये, असा उद्योगाचा रूढ दंडक आहे.

पाइपाचा भार

नोझल आतल्या दाबाबरोबर बाहेरच्या पाइपाचाही भार घेते. तापलेला पाइप लांबतो, आणि ज्या टोकाला तो अडतो तिथे ढकलतो, ओढतो आणि पिळतो. एपीआय ६६१ मध्ये प्रत्येक मापाच्या नोझलने तीन दिशांची बळे आणि तीन अक्षांभोवतीची आघूर्णे, म्हणजे पिळण्याची व वाकवण्याची बळे, किती सहन करावीत याचा तक्ता दिलेला आहे, आणि ही क्षमता गंजून धातू कमी झाल्यानंतरही शिल्लक असावी लागते. एका स्थिर हेडरवरच्या सर्व नोझलांच्या बेरजेलाही मर्यादा आहे. उभ्या दिशेच्या बळासाठी ती सुमारे २० किलोन्यूटन, म्हणजे साधारण दोन टन वजनाइतकी आहे. पाइपाचे नियोजन करणाऱ्याला या मर्यादेत राहावे लागते आणि हेडर बनवणाऱ्याला तेवढे सोसणारा जोड द्यावा लागतो.

कूलर स्वतःही स्थिर नसतो. दहा मीटर लांबीची पोलादी नळी शंभर अंशांनी तापली की सुमारे १२ मिलिमीटर लांबते, त्यामुळे मागचा हेडर सरकण्यासाठी मोकळा ठेवला जातो. आडव्या दिशेलाही नळ्यांचा संच चौकटीत दोन्ही बाजूंना किमान ६ मिलिमीटर किंवा एकाच बाजूला १२ मिलिमीटर सरकू शकेल, अशी मानकाची अपेक्षा आहे, कारण तो अडकला तर पाइपाचा सगळा जोर नोझलच्या जोडावर येतो. एकाच हेडरच्या वरच्या भागात येणारा गरम पदार्थ आणि खालच्या भागातून निघणारा थंड पदार्थ यांच्या तापमानात ११० अंश सेल्सिअसपेक्षा जास्त फरक असेल, तर तो हेडर आडवा विभागून दोन स्वतंत्र पेट्या कराव्या लागतात. अन्यथा पेटीचा वरचा भाग लांबतो, खालचा तेवढा लांबत नाही आणि ताण नळ्यांच्या आणि नोझलांच्या जोडांवर येतो.

तपासणी आणि निवड

नोझल आणि फ्लँज यांच्यामधला सरळ जोड क्ष-किरणांनी सहज तपासता येतो, कारण दोन्हीकडे जाडी सारखी असते. नोझल आणि प्लेट यांच्यामधल्या कोपऱ्यातल्या जोडाचा असा स्पष्ट फोटो मिळत नाही, कारण किरणांच्या वाटेत जाडी सतत बदलते. तिथे अल्ट्रासॉनिक तपासणीवर आणि पृष्ठभागावरच्या भेगांसाठी रंगद्रव किंवा चुंबकीय कणांच्या तपासणीवर भर द्यावा लागतो. शेवटी पूर्ण कूलर पाण्याने भरून अनुमत कार्यदाबाच्या किमान १.३ पट दाबाने तपासला जातो. जलदाब चाचणी गळती दाखवते, पण न वितळलेले मूळ किंवा प्लेटमधली थरफाट ती बहुधा दाखवत नाही. असा दोष चाचणीतून सुटतो आणि काही वर्षांनी चढ-उताराच्या ताणाखाली वाढतो.

या सगळ्याचा सारांश असा की सेट-ऑन चांगले की सेट-इन, पॅड हवे की जाड नोझल, या प्रश्नांना एकच उत्तर नाही. जाड प्लेट, लहान नोझल आणि जाडीच्या दिशेने तपासलेले पोलाद असेल तर सेट-ऑन हा काटकसरीचा आणि प्लेट न वाकवणारा मार्ग आहे. पाइपाचा भार मोठा असेल किंवा प्लेटच्या दर्जाची खात्री नसेल तर सेट-इन अधिक भरवशाचा. आणि हायड्रोजनच्या कामात पॅडशिवायचे घडीव नोझलच योग्य. परंतु ज्या जोडाचे मूळ दोन्ही बाजूंनी पाहता, खरवडता आणि तपासता आले, तो जोड कागदावरच्या कोणत्याही सरस आकृतीपेक्षा जास्त विश्वासार्ह असतो. म्हणून कूलर मागवणाऱ्यांनी नोझलांची मापे, जागा आणि पाइपाचे भार पेटी बंद होण्यापूर्वी नव्हे, तर पोलाद मागवण्यापूर्वी पक्के करावेत, आणि बनवणाऱ्याकडून नोझलच्या जोडाची आकृती व वेल्डिंगचा क्रम लेखी मागून घ्यावा. ही विचारणा सुरुवातीला झाली तर तिचा खर्च नगण्य असतो. नळ्या बसल्यानंतर झाली, तर तिची किंमत नव्या हेडरएवढी असू शकते.